वरच्या कप्प्यातलं पिस्तूल

गोविंदाला गोळी लागली त्या दिवशी आमच्या ऑफिसात दुपारपर्यंत कुणी काम केलं नाही.

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. सकाळी मी सात बंगल्याच्या सिग्नलला रिक्षात अडकले होते आणि फोन नुसता टिंग टिंग करत होता. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला, जुहूच्या घरी, कोलकात्याची फ्लाइट पकडायच्या गडबडीत लायसन्सचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटून डाव्या पायात घुसली. जिवावरचं पायावर निभावलं! मी ऑफिसात पोहोचेपर्यंत जोक्स तयार होते. त्याच्या सगळ्या ‘नंबर वन’ सिनेमांची नावं वापरून झाली होती. दोन मीही फॉरवर्ड केले. खोटं कशाला सांगू?

मग कुणीतरी बातमी मोठ्याने वाचली. पोलिसांच्या हवाल्याने त्यात एक ओळ होती: रिव्हॉल्व्हर जुनं होतं आणि त्याच्या लॉकचा छोटासा भाग तुटलेला होता.

माझं हसू तिथेच थांबलं. कारण आमच्या घरी, वर्सोव्यात, गोदरेजच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, शालीच्या घडीमागे बाबांचं पिस्तूल होतं. आणि त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या चार वर्षांच्या मुलाची, म्हणजे पिल्लूची, रंगपेटी.

आता तुम्ही म्हणाल, बाई, वर्सोव्यातल्या टू बीएचकेत पिस्तूल? शेजाऱ्यांकडे ट्रेडमिल असते, कराओके मशीन असतं, एखादा स्ट्रगलर भाचा असतो. आमच्याकडे हे. त्याची गोष्ट सरळ आहे. बाबांची अकोल्याला आडत होती. तूर, हरभरा, सीझनला कापूस. संध्याकाळी रोकड घेऊन बाजार समितीतून घरी यायचं, तेही स्कूटरवर. नव्वदच्या आसपास त्या रस्त्यावर दोनदा लुटालूट झाली, बाबांनी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी लायसन्स मिळालं. पिस्तूल परदेशी, .३२ बोअरचं, तळहातापेक्षा जरासं मोठं. बाबा त्याचे तिसरे मालक. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे परदेशी हत्यारांची व्यापारी आयात बंद आहे, त्यामुळे त्याआधी देशात आलेला मालच या हातातून त्या हातात फिरत राहतो. जुन्या फियाटसारखा, फक्त भाव उलट चढत जातो. (कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात कंपनीचा दोष किती, बाबांचा किती आणि वयाचा किती, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.)

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले. आडत विकली, घर विकलं. सोबत आणलं ते एक सुटकेस, आईचा हार्मोनियम आणि हे पिस्तूल. पत्ता बदलल्याच्या नोंदी वगैरे सगळं चोख. बाबा त्या बाबतीत एकदम कडक.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन त्यांच्या समोर बसले.

“बाबा, तुमचं ते... पडलं तर फुटतं का हो?”

“तीस वर्षं झाली. माझ्या हातून पडलं नाही कधी,” बाबा म्हणाले आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

बाबांनी आवाज वाढवला की विषय संपतो. पण एवढी साधी गोष्ट सांगताना ते माझ्याकडे बघत का नव्हते, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

त्या रात्री पिल्लूला झोपवून मी वाचायला बसले. कारची ब्रेक सिस्टीम बिघडली तर कंपनी गाड्या परत बोलावते. २०१५ साली मॅगीसुद्धा दुकानादुकानातून परत गेली, आठवतंय ना? मग पिस्तुलं कुणी परत बोलावतं का?

बोलावतात की! आणि गंमत म्हणजे त्यात छोटी, खिशात मावणारी पिस्तुलं बरीच. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या रुगर कंपनीने आपलं एलसीपी नावाचं चिमुकलं मॉडेल परत मागवलं. वजन जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम. चेंबरमध्ये गोळी असताना ते टणक जमिनीवर पडलं तर गोळी सुटू शकते, असं कंपनीनेच जाहीर केलं. ऑगस्ट २०१३ मध्ये एकाच महिन्यात दोन कंपन्यांवर ही वेळ आली. स्मिथ अँड वेसनच्या ‘शील्ड’मध्ये पडल्यावर गोळी रोखणारी व्यवस्थाच निकामी होऊ शकत होती, आणि स्प्रिंगफील्डचं ‘एक्सडी-एस’ गोळी भरताना आपोआप सुटण्याची शक्यता होती. सगळ्यात गाजलं ते सिग सॉरचं पी-३२०. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने ते निवडलं आणि ऑगस्टमध्ये लोकांनी ते काँक्रीटवर पाडून गोळी सुटल्याचे व्हिडिओ काढले. दोष कुठे? चापाच्या स्वतःच्या वजनात! पिस्तूल मागच्या बाजूवर विशिष्ट कोनात आपटलं की चाप स्वतःच्याच वजनाने मागे सरकायचा. कंपनीने हलका चाप फुकट बसवून दिला, पण ‘रिकॉल’ हा शब्द काही वापरला नाही, ‘अपग्रेड’ म्हणाली. (आपलं ॲप्रायझल आठवलं. तिथेही कुणी ‘चूक’ म्हणत नाही, ‘इम्प्रूव्हमेंट एरिया’ म्हणतात.) त्या मॉडेलवरचे खटले मात्र थांबले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्यूरीने एका जखमी माणसाला १ कोटी १० लाख डॉलर द्यायला सांगितले. पिस्तूल चाप ओढल्याशिवाय सुटत नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे.

पण खरा धक्का पुढे होता. हे सगळं कंपन्यांनी आपखुशीने केलेलं. अमेरिकेत खेळणी, टोस्टर, पाळणे यांच्या सुरक्षेसाठी सरकारी आयोग आहे, पण १९७२ च्या ज्या कायद्याने तो आला त्याच कायद्याने बंदुका आणि काडतुसं त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. म्हणजे खेळण्यातली बंदूक सरकार परत मागवू शकतं, खरी नाही!

त्यातल्या त्यात कॅलिफोर्निया कडक. तिथे २००१ पासून विक्रीसाठी येणाऱ्या नव्या पिस्तुलाला परीक्षा द्यावी लागते. साधारण एक मीटरवरून काँक्रीटवर वेगवेगळ्या बाजूंनी पाडायचं, गोळी सुटता कामा नये. मग ६०० गोळ्या झाडायच्या, जास्तीत जास्त सहा वेळा अडकलं तर चालतं. म्हणजे शंभरात एकदा दगा दिला तरी पास. आणि छोट्या पिस्तुलांना तेही जड जाऊ शकतं, कारण वरचा सरकणारा भाग आखूड आणि हलका, त्याला मागेपुढे जायला जागा कमी, स्प्रिंग कडक. रिकामं काडतूस बाहेर फेकून नवं आत घेण्याचं सगळं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत आणि कमी जागेत. आपल्या फास्ट लोकलसारखं, एका स्टेशनला दहा सेकंद उशीर झाला की पुढचं सगळं बोंबललं.

रात्री अडीच वाजता मी लॅपटॉप मिटला. डोक्यात एकच प्रश्न. बाबांचं पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीने समजा कधीकाळी ते परत मागवलं असेल, तर तिला बाबा कुठे माहीत आहेत? तिच्या वहीत पहिला मालक असेल, तोही परदेशातला दुकानदार. बाबांचं नाव फक्त लायसन्सच्या रजिस्टरात. त्या रजिस्टरात गुन्हे विचारतात, काडतुसांचा हिशेब विचारतात आणि ते विचारायलाच हवं. पण इतक्या नूतनीकरणांत स्प्रिंग कशी आहे, हे बाबांना कुणीही विचारलेलं नव्हतं.

शनिवारी मी बाबांना पटवलं. कसं? सरळ ब्लॅकमेल. म्हटलं, नाहीतर मी आणि पिल्लू पुण्याला सासूबाईंकडे. बाबांनी पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, पिशवीत घातलं, लायसन्स खिशात ठेवलं. हत्यार घेऊन मेट्रोत जाता येत नाही, म्हणून टॅक्सी. दक्षिण मुंबईतलं एक जुनं, अंधारं दुकान. आत एक चाचा, वय पंचाहत्तरच्या पुढे, डोळ्याला घड्याळजीची भिंग. पिस्तूल हातात घेतल्या घेतल्या त्यांनी वास घेतला.

“समुंदर के पास रहते हो?”

वर्सोवा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. आमच्याकडची हवा तुम्हाला माहीतच असेल. एसीची जाळी दोन वर्षांत गळून पडते, बाल्कनीतला कपड्यांचा स्टँड तांबडा होतो, पिल्लूच्या सायकलची घंटी पहिल्या पावसाळ्यातच मुकी झाली. अकोल्याच्या कोरड्या उन्हात तीसेक वर्षं धड राहिलेलं पिस्तूल या हवेत दोनच वर्षं होतं. पण कपाट बंद असतं ना, असं आम्ही धरून चाललो होतो.

चाचांनी पाच मिनिटांत त्याचे पंधरा-वीस तुकडे केले. एक तुकडा पांढऱ्या फडक्यावर झटकला आणि थबकले.

“इसमें होली खेली क्या?”

फडक्यावर गुलाबी धूळ होती. बाबा खजील झाले. दर दसऱ्याला पाटावर पिस्तूल मांडून हळद-कुंकू वाहायची आमच्या घरची पद्धत. आजोबांच्या तलवारीची व्हायची, तलवार गेली, पिस्तूल आलं. तीस वर्षांचं कुंकू तेलात कालवून फायरिंग पिनच्या भोकात घट्ट बसलं होतं!

मग चाचांनी एक बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून उजेडाकडे केली. मला म्हणाले, तुम्ही बेस्टच्या बसमध्ये उभ्या आहात. ड्रायव्हरने ब्रेक मारला. बस थांबली, तुम्ही थांबता का? नाही, पुढे जाता. वरची कडी धरली असेल तर वाचता. ही पिन म्हणजे तुम्ही आणि ही स्प्रिंग म्हणजे कडी. पिस्तूल नळीवर पडलं की बस थांबली, पिन पुढे धावली. स्प्रिंग चांगली असेल तर ती पिनला धरून ठेवते. आणि ही? त्यांनी स्प्रिंग बोटाने दाबली. ती दबली ती तशीच राहिली.

“ये गिरेगा तो बोलेगा।”

नव्या पद्धतीच्या बऱ्याच पिस्तुलांत पिनच्या आड एक खिट्टी असते, चाप ओढल्याशिवाय ती हलतच नाही. रिव्हॉल्व्हरचीही तीच गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात एका जहाजाच्या डेकवर रिव्हॉल्व्हर पडलं, एक अमेरिकी खलाशी गेला, तेव्हा कुठे १९४४ मध्ये स्मिथ अँड वेसनने घोड्याच्या आड नवी पोलादी पट्टी घातली. रुगरने तर १९७३ च्या आधीची आपली जुनी रिव्हॉल्व्हर्स फुकट सुधारून द्यायची सोय अजून चालू ठेवली आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकासाठी! बाबांच्या पिस्तुलात खिट्टी नव्हती. सगळी भिस्त त्या एका स्प्रिंगवर. तसली स्प्रिंग आता मिळत नाही म्हणाले, शोधून बघतो. तोवर चेंबर रिकामं, मॅगझीन वेगळं, गोळ्या वेगळ्या कपाटात.

मी सुटकेचा श्वास सोडत होते. तेवढ्यात बाबांनी विचारलं,

“ही स्प्रिंग आधीच गेली असेल का? म्हणजे... बरीच वर्षं आधी?”

“कितने साल?”

“तीस.”

चाचांनी भिंग काढली. “गिरा था?”

बाबा काही बोलले नाहीत. बोलले ते टॅक्सीत, वरळीच्या आसपास, खिडकीबाहेर बघत.

१९९४. संध्याकाळची वेळ, दुकानात हिशेब चालू. पिस्तूल गादीशेजारच्या टेबलावर. गोळी चेंबरमध्ये, कारण त्या काळी त्यांना वाटायचं, भरलेलं नसेल तर काय उपयोग? वही ओढताना पिस्तूल घसरलं. बाबांनी झेप घेतली. आवाज झाला. शहाबादी फरशी फुटली. दिवाणजींचा पाय तिथून वीतभर लांब होता.

ती फरशी मला आठवते! दुकानातली ती फुटकी फरशी, मी तिच्या खड्ड्यात चिंचोके ठेवायची. विचारलं तर बाबा म्हणायचे, वजनमाप पडलं. दिवाणजी हसायचे. त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या मुलाच्या इंजिनिअरिंगची फी बाबांनी भरली तेव्हा आई म्हणाली होती, एवढं कोण करतं? आज कळलं, कोण करतं ते.

“मला वाटायचं, धरायला गेलो तेव्हा माझंच बोट चापावर पडलं,” बाबा म्हणाले. “तीस वर्षं तेच वाटतंय. झोपेत बोट हलतं माझं. तुझी आई म्हणायची, काय हो, कशावर टिकटिक करता?”

मला काय बोलावं सुचेना. मग एक गोष्ट सुचली आणि मी टॅक्सी बाजूला घ्यायला लावून चाचांना फोन केला. विचारलं, पिस्तूल नळीवर पडून सुटलं तर गोळी कशी जाते? सरळ खाली, ते म्हणाले. आणि कुणी हवेत पकडताना चाप ओढला तर? कशीही जाईल, शक्यतो तिरकी.

“बाबा, फरशी कशी फुटली होती?”

बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ. मागून हॉर्न वाजत होते.

“खड्डा गोल होता,” ते म्हणाले. “सरळ.”

मलाही तो गोलच आठवत होता. पण मी पाच वर्षांची होते आणि चिंचोके कुठल्याही खड्ड्यात राहतात. चाचाही म्हणाले, बेटी, फरशी देखे बिना मैं कसम नहीं खाऊँगा. फरशी कुठून आणणार? दुकान विकलं, नव्या मालकाने व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. दिवाणजी २०११ मध्ये गेले. बाबांनी घरी येईपर्यंत पुन्हा तोंड उघडलं नाही. पण लिफ्टमध्ये मी पाहिलं, ते उजव्या हाताची तर्जनी डाव्या हाताने चोळत होते, बँडेज सोडल्यावर चोळतात तशी.

आठवड्याने दसरा आला. पाटावर रिकामं पिस्तूल, शेजारी वेगळं मॅगझीन, वर फक्त एक झेंडूचं फूल. कुंकू पाटाला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बाबांनी स्वतःहून पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केलं. निकालानंतर ते परत आणायला गेले खरे, पण घरी आणलं नाही. रीतसर कागद करून परस्पर चाचांच्या दुकानात ठेवलं. स्प्रिंग मिळाली का, असा मी मधूनमधून फोन करते. नाही, म्हणतात. खरं सांगू? ती मिळू नये असं मला वाटतं. बाबांना काय वाटतं, ते मी विचारलेलं नाही. लायसन्स मात्र ते सोडायला तयार नाहीत. वरच्या कप्प्यात शाल आहे आणि शालीमागे पावती.

गेल्या दिवाळीत पिल्लूने टिकल्यांचं पिस्तूल मागितलं. नवरा म्हणाला नको, मी म्हटलं नको, आबांनी आणून दिलं. पत्र्याचं, लाल मुठीचं, वर्सोवा गावातल्या हातगाडीवरचं. तिसऱ्याच टिकलीला रोल अडकला. पिल्लू ते हॉलभर फिरवत, चाप ओढत, रडत माझ्याकडे यायला लागला.

“इकडे आण,” आबा म्हणाले. त्यांनी झाकण उघडलं, रोल बाहेर काढला, आत फुंकर मारली, खडखड करून बघितलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

“नळी खाली. आणि बोट बाहेर ठेव.”

“पण आबा, यात टिकलीच नाहीये!”

“तरी.”